बेणारेच्या मौनापासून: सुलभा देशपांडे यांच्या अभिनयाचे पुनर्वाचन

मराठी नाट्यसमीक्षेत नाटककाराचा अभ्यास विपुल प्रमाणात झाला आहे. दिग्दर्शकाचा अभ्यास त्या मानाने कमी, पण झाला आहे. नट-नट्यांच्या वाट्याला मात्र बहुधा गौरवलेख, मृत्युलेख आणि आठवणी एवढेच आले. अभिनय हा क्षणभंगुर असल्याने त्याची चिकित्सा करता येत नाही, असे कारण यासाठी नेहमी पुढे केले जाते. हे कारण अर्धेच खरे आहे. संहिता, छायाचित्रे, चित्रपट, सहकलावंतांनी सांगितलेल्या हकिगती आणि भूमिकांचा क्रम एवढी सामग्री हाती असताना अभिनेत्रीच्या कारकिर्दीकडे एक वैचारिक घटना म्हणून पाहणे निश्चित शक्य आहे. प्रस्तुत लेखात सुलभा देशपांडे (१९३७–२०१६) यांच्या रंगभूमीवरील व पडद्यावरील कार्याकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभीच एक कबुली द्यावी लागते. प्रस्तुत लेखिकेने सुलभाताईंची बेणारे रंगमंचावर पाहिलेली नाही. पाहणे शक्यही नव्हते, कारण तो प्रयोग लेखिकेच्या जन्माच्या पुष्कळ आधीचा. आमच्या पिढीला त्या प्रथम दिसल्या त्या घरातल्या वयस्क स्त्रीच्या रूपात. ‘चौकट राजा’ (१९९१) मधील मतिमंद मुलाची आई आणि पुढे ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) मधील शशीची सासू या भूमिकांतून त्या सर्वदूर पोहोचल्या. वर्गात ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ शिकवताना, मूळ प्रयोगातील लीला बेणारे म्हणजेच ही सासू, असे सांगितले की विद्यार्थी चकित होतात. त्यांचा तो विस्मयच या लेखाचे निमित्त आहे. एकाच अभिनेत्रीला आरोपीच्या पिंजऱ्यापासून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत नेणारा हा प्रवास कसा घडला आणि त्यात काय मिळाले, काय हरवले, हा खरा प्रश्न आहे.

शिक्षिका आणि नटी

सुलभाताई मूळच्या कामेरकर. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या आणि शाळेतील मुलांची नाटके बसवता बसवता त्या रंगभूमीकडे ओढल्या गेल्या. ही गोष्ट चरित्रात्मक तपशील म्हणून एका ओळीत सांगून सोडून दिली जाते. प्रत्यक्षात तिचे महत्त्व अधिक आहे. मुलांची नाटके बसवणारी शिक्षिका ही प्रथम ऐकणारी असते. मूल कुठे अडखळते, कुठे पाठांतर सुरू होते आणि कुठे खरे बोलू लागते, हे तिला क्षणोक्षणी टिपावे लागते. सुलभाताईंच्या अभिनयाचे जे वैशिष्ट्य पुढे चित्रपटांतून आपल्यापुढे येते, म्हणजे समोरच्या पात्राचे ऐकण्याची त्यांची पद्धत, तिचे मूळ या वर्गखोल्यांत असावे, असे मानण्यास जागा आहे. विजय तेंडुलकरांनीही याच काळात मुलांसाठी नाट्यलेखन केले. तेंडुलकरांच्या ‘राजाराणीला घाम हवा’ या बालनाट्याची कथा पुढे ‘राजा रानी को चाहिए पसीना’ (१९७८) या नावाने पडद्यावर आली तेव्हा तिचे दिग्दर्शन सुलभाताईंनी केले. मुलांसाठीचे हे काम त्यांनी ‘चंद्रशाला’ या आविष्कारच्या बालविभागातून दीर्घकाळ चालू ठेवले. ‘दुर्गा झाली गौरी’ हे त्यातील सर्वाधिक परिचित नाव.

१९६० साली विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदींच्या पुढाकाराने ‘रंगायन’ उभी राहिली. सुलभाताई या वर्तुळात होत्या. अरविंद देशपांडे यांच्याशी त्यांचा विवाह झालेला होता. येथे आपल्या नाट्येतिहासलेखनाची एक सवय नोंदवावीशी वाटते. पती दिग्दर्शक आणि पत्नी अभिनेत्री असली की पत्नीचे कार्य ‘सहचारिणी’ या शब्दाखाली झाकले जाते. शब्द सन्मानाचा, परिणाम मात्र पुसून टाकण्याचा. अरविंद देशपांडे यांचे निधन १९८७ मध्ये झाले. त्यानंतर जवळजवळ तीन दशके सुलभाताई काम करीत होत्या, हे लक्षात घेतले तर त्या शब्दाचा अपुरेपणा ध्यानात येईल.

बेणारे: स्वगताच्या अलीकडे

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक डिसेंबर १९६७ मध्ये रंगायनने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली राज्य नाट्यस्पर्धेत सादर केले. विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली एक हौशी मंडळी तेंडुलकरांना भेटली आणि त्या भेटीतून नाटकाचे बीज पडले, ही हकिगत सर्वज्ञात आहे. दुसरी हकिगत आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची. शेवटच्या अंकातील बेणारेचे दीर्घ स्वगत मूळ आराखड्यात नव्हते. दिग्दर्शकाने ते आग्रहाने, प्रयोग अगदी तोंडावर आलेला असताना लिहून घेतले, असे संबंधितांनी सांगितलेले आहे.

या हकिगतीचा अर्थ आपण सहसा दिग्दर्शकाची दूरदृष्टी असा लावतो. तो चुकीचा नाही. परंतु तिची दुसरी बाजूही पाहावी. स्वगत लिहिले गेले तेव्हा बेणारे कोण करणार, हे नाटककाराला ठाऊक होते. तालमी चालू होत्या, आवाज ठरलेला होता, त्या आवाजाची झेप आणि मर्यादा कानावर पडलेल्या होत्या. आज आपण जे स्वगत मराठी गद्यातील एक स्वतंत्र उतारा म्हणून वाचतो, ते एका विशिष्ट अभिनेत्रीच्या श्वासासाठी लिहिले गेले आहे. त्यातील वाक्यांचे तुटणे, उपरोधाकडून थेट देहाच्या भाषेकडे जाणे, मध्येच व्याख्यानाचा सूर लागणे आणि तो सूर पुन्हा ढासळणे, हे सर्व उच्चारासाठीचे आहे. संहितेचे कर्तृत्व तेंडुलकरांचेच आहे. त्या कर्तृत्वाच्या घडणीत नटीच्या उपस्थितीचा वाटा आहे, एवढेच येथे म्हणावयाचे आहे. मात्र एवढेही आपल्या समीक्षेत क्वचितच म्हटले गेले आहे.

तरीही प्रस्तुत लेखिकेच्या मते बेणारेच्या भूमिकेची खरी कसोटी स्वगतात नाही. ती त्याच्या आधीच्या पन्नास-एक पानांत आहे. पहिल्या अंकात बेणारे विलक्षण बोलकी आहे. सामंताच्या भोळेपणावर ती खूष आहे, दाराच्या कडीत चिमटलेल्या बोटाचेही तिला हसू येते, काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक या प्रत्येकाची ती टवाळी करते. (कर्णिक हा प्रायोगिक नट आहे, हे विसरू नये, तेंडुलकरांनी आपल्याच गोतावळ्याला सोडलेले नाही.) या टवाळीतून प्रेक्षकाला तिच्याबद्दल जिव्हाळा वाटला पाहिजे आणि त्याच वेळी तिने सर्वांचा राग ओढवून घेतला आहे, हेही कळले पाहिजे. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस खेळातला आरोप आणि आयुष्यातला आरोप एक होतात. त्यानंतर तिसऱ्या अंकात ही बोलकी बाई जवळपास गप्प होते. तिला प्रश्न विचारले जातात, साक्षीदार येतात, टिक-ट्वेंटीच्या बाटलीचा उल्लेख होतो, प्राध्यापक दामल्यांचे नाव निघते, पोंक्षे आणि रोकडे यांच्याकडे तिने मागितलेला आधार चव्हाट्यावर मांडला जातो. आणि ती बोलत नाही.

नाटकाच्या नावातील ‘शांतता’ ही न्यायाधीशाची आज्ञा आहे. बेणारेचे मौन ही त्या आज्ञेची अंमलबजावणी नव्हे. आज्ञेची शांतता रिकामी असते; हे मौन भरलेले असावे लागते, एरवी पुढचे स्वगत आकाशातून पडल्यासारखे वाटते. अभिनेत्रीला येथे संवादाचा आधार नाही. नाटककाराने तिला दिले आहे ते केवळ ऐकणे. वर ज्या ऐकण्याच्या गुणाचा निर्देश केला, तो येथे निर्णायक ठरतो. स्वगत गाजले, पाठ्यपुस्तकांत गेले, अभिनयस्पर्धांतून हजारदा म्हटले गेले. तिसऱ्या अंकातील मौन कोणी स्पर्धेत सादर करीत नाही, कारण ते एकट्याने करताच येत नाही. त्यासाठी समोर छळणारी माणसे लागतात.

स्वगताविषयी स्त्रीवादी समीक्षेने एक रास्त शंका उपस्थित केलेली आहे. बेणारे प्रेमाला, देहाला, पुरुषी बुद्धिवादाला नाकारत जाते आणि अखेरीस पोटातील मुलासाठी देह हवासा मानते. म्हणजे बंडाचा शेवट मातृत्वाच्या आश्रयाला जातो काय? संहिता वाचताना हा आक्षेप टाळता येत नाही. परंतु प्रयोगात आणखी एक गोष्ट घडते. स्वगत चालू असताना बाकीची पात्रे थिजलेली असतात. ते कोणालाच ऐकू जात नाही. न्यायासनाच्या लेखी तिला मिळालेली मुदत काही क्षणांची आहे, आणि ती संपली की शिक्षा सुनावली जाते. त्यामुळे स्वगताचा आशय काहीही असो, त्याची स्थिती अशी आहे की ते न बोललेले बोलणे आहे. बेणारे मातृत्वाचा गौरव करते की नाही, यापेक्षा तिचे म्हणणे नोंदवहीत जात नाही, हे अधिक दारुण आहे. या मुद्द्यापुरते प्रयोग हा संहितेपेक्षा अधिक कठोर आहे, असे माझे मत आहे.

जाता जाता आपणा अध्यापकवर्गाशी संबंधित एक गोष्ट. बेणारेला या अवस्थेत टाकणारा पुरुष नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाही. तो प्राध्यापक आहे, विद्वान आहे आणि त्या संध्याकाळी गैरहजर आहे. शाळेतील शिक्षिकेची नोकरी मात्र जाते. महाविद्यालयांतून हे नाटक इतकी वर्षे शिकवले जात असताना दामल्यांच्या व्यवसायाची चर्चा आपण फारशी करीत नाही, यालाही काही अर्थ असावा.

पडदा आणि आईपण

१९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर चित्रपट केला. गोविंद निहलानी यांचे छायालेखन आणि तेंडुलकरांची पटकथा असलेल्या या चित्रपटात बेणारे सुलभाताईंनीच केली. अमरीश पुरी, अमोल पालेकर ही पुढे गाजलेली नावेही त्यात आहेत. मराठी प्रायोगिक रंगभूमीवरील फारच थोड्या भूमिकांना असे भाग्य लाभले. हा चित्रपट प्रयोगाची नक्कल नाही आणि तसा तो मानूही नये; नाट्यगृहात अंतरावरून दिसणारी बेणारे येथे चेहऱ्याच्या जवळून दिसते आणि रंगमंचावरचे मौन पडद्यावर सोपे होते, कारण कॅमेरा प्रेक्षकाला कुठे पाहायचे ते सांगतो. मंचावर ते काम एकट्या नटीला करावे लागते. तरीही ज्यांनी प्रयोग पाहिला नाही त्यांच्यासाठी हा एकमेव दस्तऐवज आहे, आणि तो मराठी विभागांतून जितका दाखवला जावयास हवा तितका दाखवला जात नाही.

त्याच वर्षी आविष्कारची स्थापना झाली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे ही तीन नावे त्यामागे आहेत. १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांचे प्रयोग होऊ लागले आणि ‘छबिलदास चळवळ’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. एका शाळेचे नाव एका नाट्यचळवळीला मिळावे आणि त्याच शाळेत शिकवणाऱ्या अभिनेत्रीचे स्थान त्या इतिहासात तळटीपेएवढे राहावे, यातील विसंगती निराळी सांगावयास नको. खुर्च्या लावणे, तारखा जुळवणे, तालमींना जागा देणे, नव्या मुलांना सामावून घेणे या कामांना अभिनयाच्या मूल्यमापनात स्थान नसते. परंतु चळवळी अशाच कामांवर उभ्या राहतात.

हिंदी समांतर चित्रपटाने सत्तरच्या दशकात मराठी रंगभूमीवरील कलावंतांना मोठ्या प्रमाणावर बोलावले. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) मध्ये सुलभाताईंनी नायिकेच्या आईची, शांताची, भूमिका केली. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) या आत्मकथनावर आधारित असलेल्या या चित्रपटाची चर्चा स्वाभाविकपणे स्मिता पाटील यांच्याभोवती फिरते. आईकडे मात्र लक्ष द्यायला हवे. ही आई कलावंतिणीच्या परंपरेतून आलेली आहे. विवाहाच्या मार्गाने ती प्रतिष्ठेत शिरू पाहते. नवरा व्यसनी आणि मारकुटा निघतो, पण प्रतिष्ठेची आस सुटत नाही. मुलीने गाणे आणि चित्रपट यांच्या वाटेने पुन्हा त्याच जगात जाऊ नये, केशवशी तिचा संबंध जुळू नये, यासाठी ती कठोर होते. शांता सहानुभूती मागत नाही. मुलीला ती ज्या नजरेने पाहते त्या नजरेत भीती आणि निवाडा दोन्ही आहेत.

येथे दोन भूमिका शेजारी ठेवाव्यात. १९६७ ची बेणारे वयाच्या तिशीत साकारलेली. १९७७ ची शांता चाळिशीत. बेणारेवर समाज प्रतिष्ठेच्या नावाने खटला भरतो. शांता प्रतिष्ठेच्या नावाने स्वतःच्या मुलीवर खटला भरते. दहा वर्षांत अभिनेत्री पिंजऱ्यातून न्यायासनाकडे गेली. बेणारेच्या खटल्यातही एक स्त्री आरोप करणाऱ्यांच्या बाजूला उभी आहे, काशीकरीणबाई. तिला तेंडुलकरांनी व्यंगचित्राच्या रेषेत काढले आहे. शांता ही त्या व्यंगचित्राची मानवी आवृत्ती म्हणता येईल. प्रतिष्ठा ही बाहेरच्या स्त्रीला किती महाग पडते, हे ज्या अभिनेत्रीने बेणारेतून अनुभवले होते, तिनेच प्रतिष्ठा विकत घेऊ पाहणारी आई साकारावी, हा योग समीक्षेने नोंदवला पाहिजे. बेनेगल यांनी हा विचार करून निवड केली असे माझे म्हणणे नाही. प्रेक्षकाने मात्र हा विचार करावा.

यापुढील काळाविषयी लिहिताना हात आखडतो. ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८), ‘गमन’ (१९७८) अशा चित्रपटांतून त्या दिसतात. नंतर व्यावसायिक हिंदी-मराठी चित्रपट, दूरदर्शन आणि खाजगी वाहिन्यांवरील मालिका येतात. संख्येने कामे पुष्कळ. पण भूमिकेचे नाव बहुधा नात्याचे: आई, काकू, आजी, सासू. समांतर चित्रपटाने पुरुष नटांना खलनायक, पोलीस, पुढारी, कारकून असे नाना व्यवसाय दिले. अमरीश पुरींची पुढील वाटचाल याचे ठळक उदाहरण. त्याच ‘शांतता!’मधून आलेल्या अभिनेत्रीला व्यवसाय मिळाला नाही, नाते मिळाले. हा दोष एका दिग्दर्शकाचा नाही. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीसाठी आपल्या पटकथांत दुसरी जागाच नव्हती. १९८७ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांच्या अभिनयाचा गौरव केला तेव्हा तो रंगभूमीसाठी होता, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

असे असूनही या नातेदर्शक भूमिकांना तुच्छ लेखणे अन्यायाचे होईल. ‘चौकट राजा’मधील आईला रडण्याच्या संधी भरपूर आहेत, दिलीप प्रभावळकरांच्या नंदूची ती आई आहे आणि अशा विषयात मराठी चित्रपट सहज अश्रूंच्या पुरात वाहून जातो. सुलभाताई तेथे मुलाच्या अवस्थेची सवय झालेली बाई उभी करतात. सवय हा शब्द येथे महत्त्वाचा. दुःख नवे नाही, त्यामुळे ते दाखवायचे नाही. रोजची कामे करायची, आणि मुलाकडे अधूनमधून डोळा ठेवायचा. ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये तर त्यांना फारच थोडी जागा आहे. घरात शशीची चेष्टा होते तेव्हा सासू त्या चेष्टेत सामील नसते. चित्रपटातील बाकी घर बोलते आणि ही स्त्री पाहते. पंच्याहत्तरीच्या अभिनेत्रीने तेवढ्यात एका सुनेला साक्षीदार मिळवून दिला. मागे बेणारेला हाच साक्षीदार मिळाला नव्हता. सामंत होता, पण त्याला उशिरा कळले, आणि त्याच्याजवळ द्यायला एक हिरवा कापडी पोपट तेवढा होता.

वर्गातील एक प्रयोग

४ जून २०१६ रोजी सुलभाताईंचे मुंबईत निधन झाले. वृत्तपत्रांतून आलेल्या मजकुरात बेणारे होती, आई होती, आविष्कार होती. त्यांच्या अभिनयपद्धतीविषयी एखादे वाक्य शोधूनच काढावे लागत होते. आपल्या विद्यापीठांतून नाटक हा साहित्यप्रकार म्हणून शिकवला जातो. प्रश्नपत्रिकेत बेणारेचे व्यक्तिचित्र विचारले जाते, स्वगताचे रसग्रहण विचारले जाते. इंग्रजी विभागांत प्रिया आडारकर यांच्या अनुवादावरून तेच प्रश्न वेगळ्या भाषेत विचारले जातात. ज्या पानांवर बेणारेच्या नावापुढे काहीच छापलेले नाही त्यांवर प्रश्न कसा काढावा, हे कोणाला सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात तिसऱ्या अंकाचे वाचन ठेवले होते. भूमिका वाटून दिल्या. काशीकर आणि सुखात्मे करणाऱ्या मुलांना मजा येत होती. वर्ग हसत होता, आणि ते हसणे नाटकातल्या हसण्याहून फार वेगळे नव्हते. बेणारे झालेल्या विद्यार्थिनीने पुस्तक उघडे ठेवून आपली पाळी येण्याची वाट पाहिली. पाने उलटली, पाळी आली नाही. वाचन मध्येच थांबवून तिने विचारले, “मॅडम, एवढा वेळ मी कुणाकडे बघायचं?” वर्गातील हसणे थांबले. मला उत्तर देता आले नाही. आम्ही पुस्तके बाजूला ठेवली, खुर्च्या गोलात लावल्या, तिला मधल्या खुर्चीवर बसवले आणि तो अंक पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.